बाकी

उद्यमबागेत, फौंड्रीच्या वरच्या खोलीत,
जिथं माणसांना पंखा नाही, सर्व्हरला आहे,
तिथं मला बसवलं.
दोन कंपन्या एक झाल्यात, म्हणाले,
आता त्यांच्या यंत्रांनी एकमेकांशी बोलावं.
ओतकामाची यादी ईरप्पा मुगळखोडांच्या संगणकात,
मशिनशॉपची परशराम कडोलकरांच्या.
मध्ये एक वायर. मध्ये मी.

वायर ओढायला अर्धा दिवस पुरला.
मशिनशॉपनं विचारलं: पंपाची बॉडी, सहा इंची, बाकी किती?
फौंड्रीनं सांगितलं: बाकी एकशे बारा.
रकान्याचं नाव तेच, आकड्याची जात तीच.
पडद्यावर हिरवी खूण आली.
मी मालकांना कळवलं, जुळलं.

सोमवारी ट्रक आला,
फाळकं पाडून रॅकसमोर उभा राहिला.
रॅकवर धूळ.
धुळीत उंदराची पावलं, मोजता येतील इतकी स्पष्ट.

"कोडोदु बाकी ऐति री," ईरप्पा म्हणाले,
द्यायचे राहिलेत. अजून भट्टीत लोखंडसुद्धा नाही त्यांचं.
"बाकी म्हणजे उरलेलं!" कडोलकर तडकले,
"वजाबाकी करून हाताशी राहतंय ते!"
तीस वर्षं दोघं अनगोळच्या एकाच गल्लीत.
त्या दिवशी ईरप्पा मराठीत भांडत होते
आणि कडोलकर कन्नडमध्ये,
समोरच्याला नीट लागावं म्हणून.

ड्रायव्हरनं तेवढ्यात ट्रकाखाली झोप काढून घेतली.

मग मी वायर सोडून वही घेतली.
शब्दाचा अर्थ विचारला नाही. अर्थ सगळ्यांना येतो.
विचारलं, हा शब्द वाचल्यावर
तुमचा हात कुठं जातो?
कडोलकरांचा हात रॅककडे गेला.
ईरप्पांचा फोनकडे,
भट्टीवाल्याला शिव्या द्यायला.
तेव्हा कळलं, एका शब्दाला दोन हात आहेत
आणि यंत्राला एकही नाही.

पंधरा दिवस असेच गेले.
'अनुमान' लिहिलं की इकडं अंदाज, तिकडं संशय.
'अवसर' म्हणजे आमची संधी, त्यांची घाई.
वजन वाळूसकट की वाळू झाडून?
तारीख साचा भरल्याची की साचा फोडल्याची?
कडोलकर म्हणाले, "काय करुलालीस गे,
कॉम्प्युटरचं काम की बालवाडी?"
मी म्हटलं, दोन्ही.

एक गोष्ट तरीही अडली.
हजेरीत तीन माणसं होती, ज्ञानू, ग्यानू आणि ज्नानू,
इंग्रजीतून फिरून आलेली.
तिघांचे तीन पगार नव्हते,
एकच पगार होता, तीन ठिकाणी अडकलेला.
यंत्र म्हणालं, अक्षरं वेगळी, माणसं वेगळी.
आधार जुळेना, जन्मतारखा तर
शाळामास्तरांनी आपल्या सोयीनं लिहिलेल्या.
शेवटी खाली भट्टीवर विचारलं.
"डाव्या करंगळीचं टोक नाही तो? एकच हाय की."
सगळ्या फौंड्रीला ठाऊक होतं.
त्यासाठी रकाना मात्र कुणाकडेच नव्हता.
मी केला नाही. करंगळी
कुणाच्या यादीत घालायची, ते माझं काम नव्हे.
तीन नावांखाली एक नंबर दिला
आणि ज्ञानूला वर बोलावून दाखवला.
त्यानं पडद्याला हात लावला नाही,
हात काळे होते.

आता यादीत 'बाकी' नाही.
'द्यायचे' आहे, 'शिल्लक' आहे,
दोन्ही लिपींत, शेजारी शेजारी.
हिरवी खूण येते. मी तिच्यावर लगेच
विश्वास ठेवत नाही, जिना उतरून रॅक बघून येते.

काल संध्याकाळी तिसऱ्या रेल्वे गेटाशी
फाटक पडलेलं. दोघं एकाच स्कूटरवर,
ट्रकावरून अबोला धरलेले ते दोघं.
मला बघून ईरप्पा म्हणाले, "मत्त?"
मागून कडोलकर म्हणाले, "बाकी?"
मालगाडी जात होती, डबे मोजवत नव्हते.
दोघांना एकच उत्तर दिलं,
"सगळं बरं."